उष्टी कॅसेट

मी बनारसला दुकान चालवायचे असं सांगितलं, की महाराष्ट्रातले नातेवाईक लगेच विचारतात, साड्यांचं का? नाही म्हटलं की विचारतात, मग रुद्राक्षाचं? गंगाजलाच्या गडूंचं? सगळ्याला मान हलवून झाली की मी सांगते, व्हिडिओ गेमचं. मग समोरचा माणूस माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो, कपाळावरच्या कुंकवाकडे बघतो आणि मुलांचं कसं काय चाललंय ते विचारतो.

यंदा पुण्याच्या भाचीने मात्र विषय बदलू दिला नाही. म्हणाली, मावशी, हे सगळं दिवाळी अंकाला लिहून दे. म्हणून लिहितेय. माझी मराठी बनारसच्या घरातली आहे, तिच्यात हिंदी न विचारता घुसते. संपादकांनी तिला हाकलायचं तर हाकलावं, मला तर कुठून आत आली तेही दिसत नाही.

आधी घर सांगते. दशाश्वमेधच्या रस्त्यावरून अहिल्याबाई घाटाकडे उतरणाऱ्या एका गलीत आमचं घर. सासरे वैदिक. काशीला येणाऱ्या मराठी यजमानांची श्राद्धं, अभिषेक, होम हे त्यांचं काम. त्यांना मी मामंजी म्हणायचे. उंच, सडसडीत, आवाज असा की वर गच्चीवर माकडं आली तर त्यांनी खालून नुसतं 'कोण आहे रे' म्हटलं तरी पळायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आमचे हे बँकेत. आणि मी इंदूरची, दुकानदाराची मुलगी.

हे 'दुकानदाराची' नीट लक्षात ठेवा. माझ्या वडलांचं इंदूरला वह्या-पेन्सिलींचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की ते हातातला चहा बाजूला ठेवून उठून उभे राहायचे, मग ते खोडरबर घ्यायला आलेलं पोर का असेना. मला शाळेत कोणी विचारलं वडील काय करतात, तर मी मान ताठ करून सांगायचे, आमचं दुकान आहे. सासरी आल्यावर कळलं की या शब्दाने इथे मान ताठ होत नाही. मामंजी वाईट बोलायचे नाहीत हो, कधीच नाही. पण पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, 'सूनबाईंच्या वडिलांचा इंदूरला काही व्यवसाय आहे.' काही व्यवसाय. दुकान हा शब्द त्यांच्या जिभेवर यायचाच नाही, लसणासारखा तोही घरात निषिद्ध.

तर नव्वदीच्या सुरुवातीला यांनी एकदा नेपाळच्या बाजूने आलेला एक व्हिडिओ गेम विकत आणला, आमच्या मुलासाठी. एक चपटा डबा, त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला बटणं असलेले दोन हातातले तुकडे. त्यांना दुसरीकडे काय म्हणत असतील ते असो, आमच्याकडे सगळे रिमोट म्हणायचे. डबा टीव्हीला जोडायचा आणि त्याच्या पाठीवरच्या खाचेत कॅसेट खुपसायची. ही कॅसेट गाण्याची नव्हे. साबणाच्या वडीएवढा प्लास्टिकचा तुकडा, त्याच्या पोटात हिरवी पट्टी आणि पट्टीच्या काठाला पिवळे चकचकीत दात. ते दात डब्याला नीट लागले की पडद्यावर खेळ उभा राहतो. एवढीच सगळी जादू.

आठवड्याभरात गलीतली सगळी पोरं आमच्या उंबऱ्यावर. चपला इतक्या, की मामंजींचे एक यजमान आत यायचे ते इथे कोणी गेलंय की काय असं विचारून परत फिरले. मी यांना म्हटलं, पोरं येतातच आहेत तर रीतसर बसवूया, दुकान काढूया. गोदौलियाच्या रस्त्यावर एक-दोघांनी काढलंय, मी पाहून आलेय. हे म्हणाले, जागा? जागा होती. गलीच्या तोंडावरची पुढची खोली. पूर्वी यजमानांचं सामान, वळकट्या तिथे ठेवत. आता यजमान हॉटेलात उतरायला लागले होते, आणि खोलीत फक्त एक मोडका पाट आणि उंदीर होते. पण खोली मामंजींची, आणि तिच्या पाठीला देवघर. म्हणजे विचारायला हवं.

यांनी विचारायचं ठरलं होतं. यांनी तीन वेळा घसा साफ केला आणि 'हिला काही बोलायचंय' म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. मग मीच बोलले. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, 'पोरखेळच आहे, करा. पण पलीकडे देव आहेत. त्या खोलीत उष्टं चालणार नाही. ज्या दिवशी उष्टं होईल त्या दिवशी तुझा खेळ बंद.'

मराठी माणसाला उष्टं म्हणजे काय ते समजवायला नको. ज्याला तोंड लागलं, थुंकी लागली ते उष्टं. मी मनात म्हटलं, एवढंच ना? खाऊ आणायचा नाही म्हणून सांगू पोरांना. मी इंदूरची, विसरलेच की मी बनारसमध्ये दुकान काढतेय. अहो, इथे माणसाच्या तोंडात पान नसलं तर लोक तब्येत विचारतात.

पहिल्या दिवसापासून रणकंदन. गिऱ्हाईक नुसती पोरं नव्हती हो. दुपारी साड्यांच्या गाद्यांवरचे, म्हणजे पेढ्यांवरचे, जवान कारागीर येत, कॉलेजवाले येत, कोर्टाला सुट्टी असली की एक वकीलसाहेब येत आणि काळा कोट काढून मोटारी पळवत. सगळ्यांच्या गालात पान. मी दारात उभी, 'पहले मुँह खाली करके आइए.' लोक गलीच्या नाल्याशी जाऊन तोंड रिकामं करत, खेळत, आणि बाहेर पडल्या पडल्या समोरच्या पानवाल्याकडून नवीन बीडा घेत. तो पानवाला दर दिवाळीला मला मिठाई पाठवायचा. त्याचा धंदा आमच्यामुळे दुप्पट झाला होता.

धंदा म्हणजे काय, तर वेळ विकायचा. अर्ध्या तासाला इतके, तासाला इतके. मधेच बत्ती गेली, आणि बनारसमध्ये ती रोज जायची, की खेळ पुसला जायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं माझा वेळ परत द्या. मी द्यायचे. वडलांनी शिकवलं होतं, गिऱ्हाईकाला हिशेबात जिंकू द्यावं म्हणजे ते परत येतं. एका खेळात तीन वेळा मरायची मुभा असायची. त्याला पोरं 'जान' म्हणत. दिवसभर खोलीतून ओरडा, 'हमार एक्के जान बचल हौ!' मामंजी सुरुवातीला दचकून देवघरातून बाहेर यायचे, कोणाचा जीव राहिलाय म्हणून. मी एकदा त्यांना पडदा दाखवून समजावलं, की हा गडी मेला, आणि बघा, हा परत उठला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'काशीत मरून परत येतोय. मोठा पापी असला पाहिजे.' आणि आत गेले.

पण त्यांच्या तोंडी शब्द तोच राहिला. यजमान विचारत, पुढे कसली गर्दी? मामंजी म्हणत, 'सूनबाईंचा खेळ आहे.' दळणाला गहू न्यायचे असले तर, 'तुझा खेळ आटपला की सांग.' मी खोली स्वतः चुन्याने रंगवली होती, दारावर पाटी लावली होती, सकाळी उदबत्ती लावून मगच फळ्या उघडत होते. बाकी मला त्यांच्याकडून काही नको होतं. एकदा, फक्त एकदा त्यांनी त्याला दुकान म्हणावं असं वाटायचं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. यांना सांगितलं असतं तर हे हसले असते.

आता लल्लन. लल्लन मल्लाह, वय तिशीचं, घाटावर त्याची नाव. गंगा चढली की घाट बुडतात, सरकार नावा बंद करतं, आणि मल्लाह लोक रिकामे होतात. पावसाळा आमचा हंगाम होता तो या लोकांमुळे. लल्लन पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला बंदूकवाल्या गड्याचा खेळ लावून दिला. गडी गोळ्या चुकवतो, भिंती चढतो, राक्षसांना मारतो, आणि पाण्यात पाय घसरला की बुडून मरतो. लल्लनने रिमोट खाली ठेवला. मला म्हणाला, 'चाची, एतना सा पानी में मर गयल?' त्याला ते सहनच होईना. त्याने पुढे कितीतरी दिवस त्या गड्याला पाण्यात घालून तो पोहतो का ते पाहिलं. दर वेळी तो मरायचा, आणि दर वेळी लल्लन खोलीतल्या सगळ्यांना सांगायचा की ज्याने हा खेळ बनवला त्याच्या गावात नदी नसणार. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत मला तोच आवडायचा. खेळायचा वाईट, पण मन लावून.

आणि संकट आलं ते त्याच्याच तोंडातून.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. कॅसेटच्या त्या दातांवर धूळ बसली, ओल आली, की डब्याला संपर्क मिळत नाही. पडदा नुसता निळा, नाहीतर आडव्या रेघा. नदीकाठच्या घरात पावसाळ्यात तर रोजचंच. त्याला साऱ्या हिंदुस्थानात एकच औषध. कॅसेट काढायची, तोंडाशी धरायची, माउथ ऑर्गनसारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकायची आणि परत खुपसायची. हे कोणी शिकवलं नाही, कोणी छापलं नाही, पण दिल्लीपासून खालपर्यंत झाडून सगळे हेच करत. मीही करायचे. फुंकणं म्हणजे उष्टं करणं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ते डोक्यात येण्यासाठी लल्लन लागला.

श्रावणातला सोमवार होता, खोली भरलेली. लल्लनचा गडी शेवटच्या राक्षसापर्यंत पहिल्यांदाच पोचायच्या बेतात आणि पडदा निळा. मी उठेपर्यंत त्याने कॅसेट उपसली, तोंडाशी धरली आणि जीव खाऊन फुंकली. त्या दिवशी गडबडीत मी त्याचं तोंड तपासलं नव्हतं. गालात बीडा होता. कॅसेटवर, टीव्हीवर, माझ्या चुन्याच्या भिंतीवर लाल शिंतोडे. आणि दारात अभिषेकाचं पाणी घेऊन मामंजी उभे.

मामंजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, 'उष्टी झाली,' आणि देवघरात गेले.

माझी पाचावर धारण बसली. ज्या दिवशी उष्टं होईल त्या दिवशी खेळ बंद, असं ते म्हणाले होते, आणि मामंजींनी दिलेला शब्द मागे घेतलेला मी कधी पाहिला नव्हता. लल्लन पायातल्या चपला हातात घेऊन उभा होता. लाल तोंडाने 'चाची, गलती हो गइल' म्हणत होता. मी सगळ्यांना घरी पाठवलं, भिंत पुसली, टीव्ही पुसला, आणि रडत बसले. हे आले ते म्हणाले, जाऊ दे, नाहीतरी पोराच्या परीक्षा आहेत. मला त्यांचा असा संताप आला की विचारू नका. चार वर्षं मी उभी केलेली वस्तू, आणि हे म्हणतात जाऊ दे!

मग पदर खोचला आणि देवघराच्या दाराशी गेले. मामंजी पोथी बांधत होते. मी म्हटलं, मामंजी, पान तोंडात होतं ही चूक झाली. परत होणार नाही. पण खोटं बोलत नाही, फुंकावं तर रोज लागतं. न फुंकता कॅसेट लागत नाही. फुंकणं उष्टं धरलं तर मी रोजच उष्टं करत आलेय, आणि बंद करायचं तर आजच बंद करा.

त्यांनी पोथी बाजूला ठेवली. विचारलं, 'कशासाठी फुंकता?'

धूळ उडवायला, म्हटलं.

'तोंडाने?'

हो.

ते उठले. कोनाड्यात हात घालून होमाची फुंकणी काढली. हातभर लांब, बांबूची, टोकाला पितळेची वळी. होमाचा अग्नी तोंडाने फुंकत नाहीत, थुंकी उडते म्हणून. फुंकणीने फुंकतात. ती माझ्या हातात देऊन म्हणाले, 'अग्नीला आम्ही कधी तोंड लावलं नाही. तुम्ही त्या डब्याला कशाला लावता? ही घे. आणि ही आता परत देवघरात येणार नाही, तुमच्याकडेच राहील.'

एवढंच. शब्द मागे घेतला नाही, पण वाट काढून दिली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी उदबत्ती लावून फळ्या उघडल्या. पाटीखाली ह्यांच्याकडून नवीन ओळ लिहून घेतली, कॅसेट तोंडाने फुंकू नये, फुंकणी मागावी.

बनारसला टिंगलीसाठी कारण लागत नाही, आम्ही तर त्यांना आयतं दिलं. गलीत आमचं नावच पडलं, 'फुँकनी वाली चाची'. पोरं मुद्दाम मागायची, चाची फुँकनी दीजिए, चूल्हा जलाना है. गोदौलियाच्या दुसऱ्या दुकानवाल्याने आपल्या गिऱ्हाइकांना सांगितलं, की तिथे खेळायच्या आधी होम करावा लागतो. मी हसले आणि फुंकत राहिले. वर्ष गेलं, दुसरं गेलं. त्याच्या कॅसेटी एकामागून एक मुक्या झाल्या. आमच्या चालत राहिल्या. लोक म्हणायचे, देवघराचा प्रताप आहे. मला पुढे कळलं की प्रताप कोरडेपणाचा होता. तोंडाची वाफ आणि थुंकी त्या पिवळ्या दातांवर बसते आणि हळूहळू त्यांना खाते. बांबूतून जाताना ती आतच राहायची. मामंजींना हे माहीत नव्हतं, मला नव्हतं, होमाला तर नव्हतंच. पण चाललं खरं.

ती आमची सोन्याची वर्षं. सुट्टीत बाहेर चबुतऱ्यावर नंबर लागायचे. मी आणखी दोन टीव्ही मांडले. महाराष्ट्रातून आलेल्या एका यजमानांचा नातू पिंडदानातून उठून आमच्याकडे येऊन बसला होता, आणि पिंड वळायच्या वेळी सगळे घाटावर त्याला शोधत होते. मामंजींनीच त्याला कान धरून नेलं. नेताना विचारलं, 'कितवा राक्षस?' मी ऐकलं ते.

मग उतार लागला, तो कसा ते सांगते. एके दिवशी दशाश्वमेधच्या फुटपाथवर, कंगवे-आरसे विकणाऱ्या माणसापुढे व्हिडिओ गेमचे डबे मांडलेले दिसले. आमच्या डब्यासारखेच दिसणारे, हलके, स्वस्त. वर छापलेलं, आत लाखो खेळ. आत तेच पाच-सात खेळ फिरून फिरून यायचे, पण ते घरी गेल्यावर कळायचं. मुंजीत, वाढदिवसाला, पास झाल्याबद्दल, घराघरात तेच आहेर जायला लागले. पोरं घरी बसून खेळायला लागली, फुकट आणि पान खात. गोदौलियाचा माझा टिंगलखोर एसटीडी बूथ घालून बसला. दुसऱ्याने फोटोकॉपीचं यंत्र आणलं. एकाने म्हणे कॉम्प्युटर मागवला होता, तो काय करतो ते त्यालाही माहीत नव्हतं. रस्त्यावर मी एकटी उरले. दुपारी तीनही टीव्ही बंद, मी स्वेटर विणतेय, आणि फक्त लल्लन येऊन त्याच्या गड्याला बुडवतोय. आता पान बाहेर थुंकून यायचा, न सांगता.

आणि त्याच वर्षांत मामंजीही रिकामे झाले. गुडघे गेले, घाटाच्या पायऱ्या उतरवेनात. यजमान हॉटेलच्या माणसाने गाठून दिलेल्या गुरुजींकडून दोन तासांत सगळं उरकून घ्यायला लागले. घरात आम्ही दोन दुकानदार, दोघांनाही गिऱ्हाईक नाही. अर्थात मी हे त्यांच्यासमोर म्हटलं नसतं.

एक दिवस शेजारच्या बाई त्यांच्या मुलाची कॅसेट घेऊन आल्या. घरातला डबा चालेना, पोरगा जेवेना. म्हणाल्या, तुमच्या फुंकणीने बघा जरा. मी पुष्कळ फुंकलं, काही नाही. मामंजी ओसरीवर बसले होते. म्हणाले, आण इकडे. चष्मा कपाळावरून खाली घेतला, कॅसेट उजेडात धरून आत पाहिलं आणि म्हणाले, 'अग, ही कळकलीय.'

मी वाकून पाहिलं. खरंच की! पिवळे दात हिरवे पडलेले. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं, तसं. पोरांनी महिनोन्महिने थुंकी उडवून उडवून कळकवलेली. मामंजींचा जन्म तांब्या-पितळेची पळी-पंचपात्री घासण्यात गेलेला, त्यांना ते लांबूनच दिसलं. ते म्हणाले, चिंच लाव. मी घाबरले, हिरव्या पट्टीला चिंच कुठे लावता! मग एकदम आठवलं. वडलांच्या दुकानात कागद कापायच्या पितळी पट्टीवर डाग पडला की ते पाणी लावत नसत, पांढऱ्या खोडरबरने घासत. मुलाच्या दप्तरातलं खोडरबर आणलं. मी घासलं, मामंजींनी फुंकणीने कण उडवले. खुपसली, आणि खेळ उभा राहिला. शेजारच्या बाईंनी मामंजींना वाकून नमस्कार केला. मला नाही केला, पण ते असू दे.

बनारसमध्ये बातमी पसरायला चबुतरा पुरतो. दुसऱ्या दिवशीपासून कळकलेल्या कॅसेटी यायला लागल्या. सिगरा, लंका, सोनारपुरा, कुठून कुठून. जे डबे आमचा धंदा बुडवून घराघरात गेले होते तेच आजारी पडून आमच्या दारात. मी पुढच्या खोलीत एक चटई टाकली. मामंजी स्नानसंध्या आटोपून तिथे येऊन बसायचे. सोवळं सोडून, साधं धोतर नेसून. आधी बाहेरून कॅसेट ओल्या फडक्याने पुसायची, मग खोडरबर, मग फुंकणी. घासताना तोंडाने हळू आवाजात मंत्र चालू. पोरं समोर उकिडवी बसून बघायची. एखाद्याने सांगितलं की मी फक्त एकदाच फुंकली होती गुरुजी, तर ते कॅसेट नाकाशी नेऊन म्हणायचे, 'एकदा नाही. आणि पेरू खाऊन फुंकलीस.' पोराचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मी जवळ बसून स्क्रू उघडून द्यायचे. आम्ही सासरा-सून इतक्या वर्षांत जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या चटईवर बोललो. इंदूरच्या दुकानाबद्दल त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, वडील किती वाजता उघडायचे, उधारी मागायला संकोच वाटायचा का. गिऱ्हाईक आल्यावर ते उठून उभे राहायचे हे ऐकून म्हणाले, 'चांगलं आहे. आम्ही यजमान आला की बसून राहतो.' त्यानंतर गुडघे दुखत असतानाही, कोणी मोठं माणूस कॅसेट घेऊन आलं की मामंजी हात टेकून अर्धे उठायचे. मी सांगते तुम्हाला, मला तेव्हा माझे वडील हवे होते बघायला.

तरी शब्द तोच. कोणी विचारलं, गुरुजी, इथे काय चालतं? तर, 'सूनबाईंच्या खेळाला हात लावतो.' मी सोडून दिलं होतं. माणूस एवढा उठून उभा राहतो, मग शब्दाचं काय घेऊन बसायचं, असं स्वतःला समजावत होते. समजत नव्हतं, पण समजावत होते.

मग एका दुपारी लल्लन आला. त्या वर्षी गंगा उतरून घाट धुऊन काढायचं काम चाललेलं, नावा नुकत्या सुरू झालेल्या. कोणी परदेशी पोरगा त्याच्या नावेतून चार दिवस फिरला होता आणि जाताना त्याने बक्षीस म्हणून काहीतरी दिलं होतं. लल्लनने ते गमछ्यातून सोडवलं. गोल, चपटं, चकचकीत, मधे भोक. 'खेल हौ,' तो म्हणाला. 'अंग्रेज कहलस एम्मे पूरा नदी हौ, आदमी तैरेला.' ह्या खेळात माणूस पोहतो म्हणे! इतक्या वर्षांनी लल्लनला हवा तो खेळ मिळाला होता. तो मामंजींपुढे बसला आणि म्हणाला, 'गुरुजी, फूँक देईं.'

मामंजींनी ते हातात घेतलं. दात शोधले, नव्हते. खाच शोधली, नव्हती. उलटं केलं तर त्यांचाच चेहरा दिसला. तरी लल्लनचं मन राखायला त्यांनी फुंकणी लावून एकदा फुंकलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की याला सीडी म्हणतात, ही आपल्या डब्यात जात नाही, हिचं यंत्र वेगळं आणि महाग असतं. आता खेळ म्हणे हिच्यावरच येणार, कॅसेटी कारखान्यातच बंद झाल्यात. हिला दात नाहीत, म्हणजे ही कळकत नाही, म्हणजे फुंकायला लागत नाही.

लल्लनने ती परत गमछ्यात बांधली. उदास झाला नाही. पाणी चढलं-उतरलं की उदास व्हायचं नसतं हे मल्लाहाला काय शिकवायचं. 'चला,' म्हणाला, 'तैरेला त सही,' आणि मामंजींच्या पायांना हात लावून नावेकडे गेला.

मामंजींनी चष्मा कपाळावर चढवला. समोर चटईवर दुरुस्तीच्या फक्त दोन कॅसेटी होत्या, त्याही कोणी न्यायला येईना. त्यांनी उपरण्याने फुंकणी पुसली, पुढच्या खोलीतल्या तिच्या नेहमीच्या कोनाड्यात नीट आडवी ठेवली. खोडरबराचा उरलेला तुकडा तिच्या शेजारी ठेवला. मग हात टेकून उठायला लागले, मी आधार दिला, तसे म्हणाले,

'सूनबाई, आपलं दुकान आता बंद करूया.'

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. पदराने डोळे पुसले, आणि तरी मुद्दाम विचारलं, 'काय बंद करूया, मामंजी?'

त्यांना वाटलं मला खरंच ऐकू आलं नाही. माकडं पळवायच्या त्यांच्या त्या आवाजात, समोरच्या पानवाल्यालाही ऐकू जाईल असं, ते म्हणाले,

'दुकान! दुकान, दुसरं काय?'